मी मोटरीशी बोललो

२८ नोव्हेंबर

वाशिमच्या डॉक्टरांनी दोन गोष्टी सांगितल्या. मीठ कमी करा, आणि राग आला की बोलू नका, लिहून काढा. मीठ रंगूबाईनं, म्हणजे माझ्या बायकोनं, त्याच दिवशी कमी केलं, तिला निमित्तच हवं होतं. रागासाठी ही डायरी काढली. कृषी केंद्रवाल्यानं मागच्या वर्षी फुकट दिली होती, त्यामुळे तारखा चालतील पण छापलेले वार चुकीचे आहेत. राग काही वार पाहून येत नाही.

पहिला राग अर्थात तुळशीरामचा. माझा धाकटा, पाठचा भाऊ. तीन वर्षं आमचा अबोला आहे. त्याच्या वर्षाराणीच्या लग्नात माइकवरून नावं पुकारून टॉवेल-टोपी देत होते. व्याह्यांचे मावसे झाले, मामे झाले, मंडपवाला झाला. मुलीचा सख्खा मोठेबाबा आणि किन्हीराजाचा माजी उपसरपंच, म्हणजे मी, खुर्चीत सावरून बसलेला. माझं नाव आलं तेव्हा टोप्या संपलेल्या. हातात नुसता टॉवेल दिला, तोही पिवळा. मी तो खुर्चीवर ठेवला आणि न जेवता घरी आलो. भूक तशीही नव्हती.

लिहून राग कमी झाला नाही. उलट टॉवेलाचा रंग नव्यानं आठवला.

३ डिसेंबर

बाबांच्या वेळची विहीर एक, मोटर एक, मीटर एक. वाटणीत वावराचे दोन तुकडे झाले, विहिरीचे करता येत नाहीत. म्हणून एक दिवस माझी पाळी, एक दिवस तुळशीरामची. त्याच्या पाळीला मी विहिरीकडे फिरकत नाही, माझ्या पाळीला तो. तीन वर्षं असं चाललंय आणि उत्तम चाललंय.

अडचण लाईनची, म्हणजे विजेची. वावरातली लाईन कधी दिवसा, कधी रात्री, कधी पहाटे. पहाटेची आली की अंधारात बॅटरी घेऊन जायचं. मागच्या आठवड्यात रानडुक्कर आडवं आलं. मी घाबरलो नाही, फक्त बॅटरी हातातून पडली आणि मी बिनबॅटरीचा घरी आलो. हे रंगूबाईनं आमच्या मुलाला, पवनला, पुण्याला फोन करून सांगितलं. पवननं प्रज्वलला सांगितलं. प्रज्वल हा तुळशीरामचा मुलगा, वाशिमकडच्या मालेगावात मोटरी दुरुस्त करतो. त्याच्याशी मी बोलतो. टोपीच्या भानगडीत त्याचा हात नव्हता, तो पंगतीत बुंदी वाढत होता.

तो संध्याकाळी एक डबा घेऊन आला. मोबाइलवर चालणारा स्टार्टर. आत मोबाइलसारखंच सिम कार्ड असतं.

"मोठेबाबा, आता इहिरीवर जायाचं काम नाई. घरून फोन लावाचा, मोटर चालू. पुन्हा लावाचा, बंद."

"अन् तुह्या बापाच्या पाळीले?"

"ते त्यायच्या फोनवरून लावतीन. चालू झाली का बंद झाली, डबा तुमाले दोघायले फोन करून सांगते."

"म्हंजे तो कवा चालू करते ते मले समजन?"

"हाव."

मी होकार दिला. शेतकऱ्यानं नवीन तंत्रज्ञान स्वीकारलं पाहिजे, हे मी उपसरपंच असतानाही सांगायचो.

७ डिसेंबर

स्टँडवरच्या चहाच्या टपरीवर बसून फोन लावला. चार लोकांना जवळ बोलावून लावला. लगेच डब्यातल्या बाईचा उलटा फोन आला. रेकॉर्ड केलेली बाई आहे, बोलणं अगदी पुस्तकातलं. "मोटर चालू झाली आहे." एक जण म्हणाला, "दौलतराव, तुमी त हपिसर झाले." मी चहा संपवला.

नंतर मोटर खरंच चालू झाली का ते पाहायला वावरात गेलो. चालू होती. बंद करायला घरी आलो. मग बंद झाली का ते पाहायला पुन्हा गेलो. झाली होती. पाय दुखतायत पण काम सोपं झालं आहे.

१० डिसेंबर

पहाटे बाईचा फोन. माझी पाळी नव्हती, तुळशीरामनं मोटर चालू केली होती. रंगूबाई पांघरुणातून म्हणाली, "ही कोन बाई हाये, रोज उजाडाच्या आंधी फोन करनारी?" मी सांगितलं, डब्यातली. "तिले म्हना, आमी झोपून राह्यलो." तिला सांगता येत नाही, ती फक्त बोलते, ऐकत नाही, असं म्हटल्यावर रंगूबाई म्हणाली, "मंग तुमाले जमंन तिच्यासंगं." याचा अर्थ मला लागला नाही.

१५ डिसेंबर

डब्याचा फायदा आता ध्यानात येतोय. लाईन आठला आली, तुळशीरामनं मोटर नऊला चालू केली. तासभर करत काय होता? मागच्या पाळीला तर दुपारी दोनदा बंद-चालू. पाइप निसटला असणार, हा बांधतोच ढिला, लहानपणापासून. काल जेवायच्या वेळेला त्यानं मोटर बंद केली नाही, म्हणजे जेवला नाही. मला काही देणंघेणं नाही. सामायिक विहिरीच्या पाण्यावर लक्ष ठेवणं हे दोघांपैकी एकाला करावंच लागतं.

रंगूबाई म्हणते, तुमच्या पाळीपेक्षा त्यायच्या पाळीले तुमी फोन जास्त पाहता. मी म्हटलं, पाणी त्याच्या पाळीलाच जास्त उपसलं जातं.

१८ डिसेंबर

प्रज्वलनं आज एक नवीन सांगितलं. डब्याला फोन लावून पाचाचं बटण दाबलं की विहिरीवरचा आवाज ऐकू येतो. मोटर नीट पाणी ओढते की कोरडी चालते, हे कानानं ओळखता यावं म्हणून कंपनीनं ही सोय केली आहे. आवाज फक्त तिकडून इकडे येतो. आपण बोललेलं तिकडे जात नाही.

दुपारी पाच दाबलं. त्याची पाळी होती, पण मोटरीची तब्येत ही दोघांची जबाबदारी आहे. आधी पाण्याचा आवाज. मग तुळशीरामचा. तीन वर्षांनी ऐकला, जरा बसलाय. बैलाशी बोलत होता. माझ्याविषयी.

"टोपीसाठी रुसून बसला. टोपी घालाले डोकं त पायजे."

फोन ठेवला. गोळी घेतली. रंगूबाईनं विचारलं, काय झालं. मी म्हटलं, मोटर बरोबर चालतेय.

१९ डिसेंबर

माझी पाळी. घरून मोटर चालू करता येत असतानाही मुद्दाम विहिरीवर गेलो. डबा विहिरीजवळच्या खोपीत, म्हणजे झोपडीत, खांबाला ठोकलेला आहे. बाजूला एक हिरवा दिवा. प्रज्वलनं सांगितलं होतं की कुणी पाच दाबून ऐकत असलं की तो लुकलुकतो. पाचेक मिनिटांत लुकलुकायला लागला. मी घसा साफ केला आणि डब्याकडे तोंड करून, शक्य तितक्या शांतपणे बोललो.

"मोटरबाई, काई लोकायले वाटते का आपन बैलासंगं बोलून राह्यलो त कोनी ऐकत नाई. ज्याले सख्ख्या भावाचा मान ठेवता येत नाई, त्यानं बैलासंगंच बोलावं. बैलाले बी टोपी लागत नाई."

दिवा बराच वेळ लुकलुकत राहिला.

स्पष्ट नोंद करून ठेवतो. मी तुळशीरामशी बोललो नाही. मी मोटरीशी बोललो. मोटरीवर दोघांचा सारखा हक्क आहे आणि तिच्यापुढे बोलायला कुणाची मनाई नाही. अबोला जसाच्या तसा आहे.

२० डिसेंबर

त्याची पाळी. सकाळी नऊपासून पाच दाबून बसलो. साडेनऊला आला आणि सरळ डब्यापुढे उभा राहिला असावा, आवाज एकदम जवळून आला.

"मोटरबाई, एका मानसाले सांग. पोरीच्या लग्नात अक्षता टाकल्या अन् पान न शिवता निंघून गेला. पोरगी सासरी जाताना मोठेबाबा कुठं म्हून इचारत होती. टोपीचं म्हन्ते. टोप्या म्या मोजल्या नव्हत्या. म्या त पंगतीत त्याची जागा धरून बसलो होतो. पंगत उठली तरी बसलो होतो."

हे मला माहीत नव्हतं. माहीत असायचं काही कारणही नाही, मी घरी आलो होतो. आज जेवण गेलं नाही. भाजीत मीठ नव्हतं म्हणून.

२८ डिसेंबर

आठवडाभर लिहायला फुरसत नव्हती. विहिरीवर फार काम असतं. माझ्या पाळीला मी जातो, त्याच्या पाळीला फोनवर ऐकावं लागतं.

हरभऱ्यावर घाटेअळी पडली. परवा तुळशीराम मोटरीला सांगत होता की त्यानं निंबोळी अर्क फवारला, वावरात पक्ष्यांना बसायला काठ्या रोवल्या, चिमण्या-साळुंक्या अळ्या वेचून खातात. मीही काठ्या रोवल्या. माझ्या मनात ते आधीपासून होतंच. त्याबदल्यात मी मोटरीला सांगितलं की डुकरं पूर्वेच्या धुऱ्यानं, म्हणजे बांधावरून, येतात, तिकडे जुन्या साड्या बांधा. आज पाहिलं तर त्याच्या धुऱ्यावर साड्या फडफडत होत्या. एक रंगूबाईची होती. ती तिथं कशी पोचली, हे विचारल्यावर रंगूबाई म्हणाली, वाऱ्यानं गेली असंन.

३ जानेवारी

काल दोन गोष्टी विचित्र घडल्या. माझी पाळी. मी मोटरीशी बोलत असताना दिवा लुकलुकत होता. घरी येताना प्रज्वल भेटला, म्हणाला तुळशीरामचा फोन आदल्या दिवसापासून त्याच्या दुकानात दुरुस्तीला आहे. पवनचाही नंबर डब्यात आहे, पण तो त्या वेळी कंपनीत मशीनवर असतो. मग ऐकत कोण होतं? डब्यात बारीकसा बिघाड असावा.

दुसरी गोष्ट. मी मोटरीला सांगत होतो की आंबाडीची भाजी आणि ज्वारीची भाकर खाऊन किती दिवस झाले. घरी आलो तर ताटात आंबाडीची भाजी. योगायोग.

६ जानेवारी

काल तुळशीरामची पाळी. ऐकत होतो. खोपीत येताना धडपडल्याचा आवाज, मग शिवी. "कोनं ठुला हा पाइप इथं?" तो पाइप बाबांनी ठेवलेला आहे, आम्ही चड्डीत होतो तेव्हापासून तिथंच आहे.

संध्याकाळी रंगूबाईला म्हटलं, काही लोकांना पाइप दिसत नाही. ती भाकर थापता थापता म्हणाली, "भाऊजीच्या दोन्ही डोयात मोतीबिंदू हाये. वाशिमच्या डॉक्टरनं दोनदा तारीख देली. दोन्ही बारीनं दवाखान्याच्या दारातून परत आले."

"काहून?"

"भेव वाटते त्यायले. सांगत नाईत. गोजराले म्हन्तात, वावरात काम हाये."

मी म्हटलं, मला काय करायचं आहे. ती म्हणाली, "तुमाले काईच नाई. तुमी इचारलं म्हून सांगतलं." मी विचारलं नव्हतं, मी नुसतं काहून म्हणालो होतो. गोजराबाई, म्हणजे तुळशीरामची बायको, आणि ही कुठं भेटतात, तेही मी विचारलं नाही.

लहानपणी ताप आला की तुळशीराम सुईला भ्यायचा. मीच धरून बसायचो. तो चावायचा. डाव्या अंगठ्यावर अजून खूण आहे.

१४ जानेवारी

संक्रांत. आजच्या दिवशी गावभर तिळगूळ देतात आणि गोड बोला म्हणतात. मी कुणाशी गोड बोलायचं याची यादी वेगळी आहे. रंगूबाईनं पुडी हातात दिली. "सगळ्यायले देल्ला. मोटरीले बी द्या. रोज बोलता तिच्यासंगं." तिच्या म्हणण्यात तथ्य होतं. डब्याच्या वर तीन वड्या ठेवल्या, भरपूर गुळाच्या, आणि आलो. उद्या त्याची पाळी आहे हे लक्षात होतं, पण त्याचा याच्याशी संबंध नाही.

१५ जानेवारी

पाच दाबून ऐकलं. बराच वेळ काही नाही, मग कागदाचा आवाज, मग खाण्याचा. मग तो म्हणाला, "गूळ जास्त झाला, मोटरबाई. पन बरा हाये." मग पुन्हा कागद वाजला. त्यानंही काही ठेवलं असावं.

१६ जानेवारी

त्यानं डब्यावर तिळाचे लाडू ठेवले होते. डब्याच्या फटीतून आत पडू नयेत म्हणून खाली कागद, पण कागद फाटलेला. दोन खाल्ले. बाकीचे मोटरीसाठी ठेवले. मी माझ्याही आणखी दोन वड्या ठेवल्या.

१८ जानेवारी

सकाळपासून बाईचा फोन नाही. काल त्याची पाळी होती, कालही नाही. मी फोन लावला तर लागत नाही. हे तुळशीरामचं काम आहे. सिम काढून टाकलं असणार. गोड लाडू ठेवायचे आणि मागून सिम काढायचं, हा त्याचा जुना स्वभाव आहे. बीपी वाढलं. दोन पानं भरून त्याच्याविषयी लिहिलं आणि फाडून टाकलं, कारण उद्या-परवा कुणी वाचलं तर बरं दिसणार नाही.

१९ जानेवारी

प्रज्वलनं डबा उघडला. मी उभा होतो. तुळशीरामही आला होता, विहिरीच्या पलीकडे उभा राहून आभाळाकडे पाहत होता. आत मुंग्या. काळ्या, लाल, पिल्लं, अंडी, सगळा संसार. बटणाच्या पट्ट्यांमध्ये अडकून भाजलेल्या. आणि मध्ये एक अख्खा तिळाचा लाडू आणि गुळाच्या वडीचा तुकडा.

"डब्यात तिळगूळ कोनं टाकला?" प्रज्वलनं विचारलं.

मी विहिरीत पाहिलं. तुळशीराम आभाळात पाहत राहिला.

"मोठेबाबा?"

"पोट्टे येतात इकडं," मी म्हणालो. पलीकडून तुळशीराम म्हणाला, "हाव, पोट्टे येतात." आभाळाकडे पाहतच म्हणाला, त्यामुळे हे बोलणं धरता येणार नाही.

प्रज्वल म्हणाला, आतली सर्किटची पाटी जळली, डबा नागपूरला कंपनीकडे जाईल, वेळ लागेल. तोवर जुनं बटण. आणि लाईन आता पहाटेचीच.

२२ जानेवारी

काल तुळशीरामची पाळी. पहाटे जाग आली. बाईचा फोन येणार नाही हे माहीत असूनही फोन उशाला घेऊन पडलो होतो. बाहेर धुकं, हात पुढे केला तर दिसत नव्हता. विहिरीला कठडा नाही. त्याला पाइप दिसत नाही, विहीर कशी दिसणार? विहिरीत माणूस पडला तर पाणी महिनाभर वापरता येत नाही. मग हरभरा जाईल, दोघांचाही.

एवढाच विचार करून गेलो, पाणी त्याच्या वावराकडे लावून मोटर चालू केली आणि परत आलो. त्याला यावं लागू नये म्हणून नाही. पाण्यासाठी.

२३ जानेवारी

काल माझी पाळी. पहाटे गेलो तर मोटर आधीच चालू. माझ्या गव्हाला पाणी बरोबर जात होतं. पाइपाचा बांध ढिला होता.

मोटर आपोआप चालू होत नाही, डबा तर नागपूरला आहे. प्रज्वलनं केलं असावं म्हणावं, तर तो मालेगावात झोपतो. विचार करूनही उलगडा होत नाही. रंगूबाईला सांगितलं तर ती पदर तोंडाला लावून आत गेली. खोकला झाला असेल.

३० जानेवारी

आठवडाभर हेच. त्याच्या पाळीला मी जातो, माझ्या पाळीला मोटर आधीच चालू असते. डबा येण्याआधी एक दिवस आड जावं लागायचं. आताही एक दिवस आडच जावं लागतं, फक्त चुकीच्या दिवशी. अंधारात मला भीती वाटते, हे इथं लिहायला हरकत नाही, वाचणारं कुणी नाही. आणि त्याला दिसत नसताना तो माझ्या पाळीला त्या विहिरीच्या काठानं येतो, हे आज मला एकदम कळलं आणि मी बाजेवर उठून बसलो. असा मूर्ख माणूस मी पाहिला नाही. याला कुणीतरी सांगितलं पाहिजे. मी सांगू शकत नाही, डबा बंद आहे.

तो डबा लवकर आला पाहिजे. प्रज्वलला तीनदा फोन केला. तो म्हणाला, "मोठेबाबा, बाबायचा बी आताच फोन होता."

९ फेब्रुवारी

डबा आला. प्रज्वलनं सगळ्या फटींना रबर लावलं आणि मला व तुळशीरामला, वेगवेगळं उभं करून, एकच गोष्ट सांगितली. "डब्याले गोड खाऊ घालाचं नाई. नुसतं बोला."

दुपारी बाईचा फोन आला. "मोटर चालू झाली आहे." किती दिवसांनी. मी ओट्यावर होतो. पाच दाबलं. पाण्याचा आवाज, मग चपलांचा, सावकाश, चाचपडत. मग तो बोलला. आज तो मोटरबाई म्हणाला नाही.

"दादा, लाइट लुकलुकून राह्यला. दिसते थोडसाक. तूच असशीन."

मी फोन कानाला दाबून धरला.

"सोमवारी माह्या डोयाचं ऑपरेशन हाये वाशिमले. प्रज्वल संगं येते. पन त्याले का समजते. लहानपनी सुई टोचाले आले का तू धरून बसत होता मले. मले भेव वाटते, दादा. येशीन का तू?"

"येतो ना बे," मी म्हणालो. "कायले नाई येनार?"

तिकडून नुसता पाण्याचा आवाज.

"येतो म्हन्तो ना," मी मोठ्यानं म्हणालो.

"नाई येत असशीन त राहू दे," तो म्हणाला. "म्या आपलं इचारलं."

मी ओट्यावर उभा राहून फोनमध्ये ओरडत होतो. शेजारचे बाहेर आले. रंगूबाई आतून पिठाच्या हातानं आली आणि म्हणाली, "अवो, त्यायले जात नाई ऐकू. डब्याले कान हायेत, तोंड नाई. पायानं जा."

मी निघालो. चप्पल एका पायात माझी, एका पायात तिची, हे पांदण अर्धी झाल्यावर कळलं. तुळशीराम खोपीबाहेर बाबांच्या पाइपावर बसला होता. मी येताना त्याला दिसलो नाही, आवाजावरून ओळखलं असेल, धापा टाकत होतो. तीन वर्षांनी समोरासमोर काय बोलायचं, हे मी येताना सगळ्या वाटेनं ठरवत आलो होतो. प्रत्यक्षात एवढंच बोललो.

"आज माही पाळी हाये. तू कायले मोटर चालू केली?"

तो म्हणाला, "मंग तुले समजलं कसं असतं?"

मी त्याच्या बाजूला बसलो. मग त्याला रडू आलं, मग मलाही आलं, आणि मोटर चालूच होती. गव्हाला पाणी जास्त झालं.

१४ फेब्रुवारी

सोमवारची हकिकत लिहायची राहिली. दवाखान्याच्या दारात तुळशीरामचे पाय थांबले. मी मनगट धरलं. आत नेईपर्यंत त्यानं माझा हात दाबून लाल केला, या वेळी चावला नाही. अर्ध्या तासात उजव्या डोळ्यावर पट्टी बांधून त्याला बाहेर आणून खाटेवर बसवलं. नर्स माझं बीपीही मोजून गेली. म्हणाली, छान आहे, मिठावर ताबा दिसतोय.

प्रज्वल औषधं आणायला गेला आणि माझा फोन वाजला. डब्यातली बाई. "मोटर चालू झाली आहे."

आम्ही एकमेकांकडे पाहिलं, तो एका डोळ्यानं. मी इथं, तो इथं, प्रज्वल औषधाच्या दुकानात. पवन पुण्यात, मशीनवर असताना तो फोनला हात लावत नाही. मोटर चालू कुणी केली? मी पाच दाबलं आणि फोन दोघांच्या मध्ये धरला.

"चालू झाली वं," रंगूबाई म्हणत होती. "पाह्य, लाइट बी लुकलुकला."

"प्रज्वल असंन, बाई," गोजराबाईचा आवाज.

"प्रज्वल नोहे. आपलेच दोघं असतीन, एका फोनाले कान लावून." मग आवाज एकदम जवळ आला. "ऐकून राह्यले ना जी? भाऊजीले डोया चोयू देऊ नका. घरी या, पुरन घातलं. अन् आपसात भांडाचं असंन त वाटेतच भांडून घ्या, घरी जेवाच्या वक्ती नाई पायजे."

"अन् हे बी सांगा ना," गोजराबाई हसत म्हणाली.

"सांगतो. पोट्ट्यानं आमचे बी नंबर टाकले होते डब्यात, पयल्याच दिशी. दोन महिने आमी तुमचं ऐकलं. आता तुमी आमचं ऐका."

आणि दोघी खोपीत बसकण मारून सुरू झाल्या. माझं रानडुक्कर निघालं, बॅटरी निघाली, चपलांची जोडी निघाली. तुळशीराम माझ्या पाळीची मोटर चालू करायला जायचा तेव्हा गोजराबाई मागून कंदील धरून जायची आणि त्याला वाटायचं की आता बरं दिसतंय, तेही निघालं. माझ्या मागून कोण यायचं ते मी विचारलं नाही. विचारून तिकडे ऐकूही गेलं नसतं. आम्हाला एक शब्द बोलता येत नव्हता, आणि त्या दोघी तिळगुळावर आल्या होत्या.

नर्स आली, म्हणाली, आजोबा, पेशंटजवळ फोन नको, बंद करा. मी बंद करायला बोट पुढं नेलं. तुळशीरामनं चाचपडत माझा हात धरला.

"दादा, ठेवू नको."

मी ठेवला नाही.